लोणावळ्यातली दाणेबंदी

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं म्हणतात. रुचिर आगाशे राहत होता लोणावळ्यात आणि त्याचं वैर होतं शेंगदाण्याशी. ज्या गावात रस्त्याच्या डाव्या हाताला चिक्की, उजव्या हाताला चिक्की आणि मधून चालणाऱ्या माणसाच्या पिशवीतही चिक्कीच, त्या गावात उभं राहून 'शेंगदाणा बंद करा' म्हणणाऱ्याला लोक काय म्हणणार? रुचिरला जे म्हणाले ते पुढे येईलच. पण माणूस वेडा नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तळेगावच्या एमआयडीसीत गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात होता. बाहेरून आलेला माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हे त्याच्या नोकरीचं सार होतं आणि हळूहळू ते स्वभावात उतरलं होतं. गवार घेतानासुद्धा तो एकेक शेंग उजेडात धरून बघे. भाजीवाली म्हणायची, "साहेब, गवार घेताय का पोरगी पसंत करताय?" रुचिर मनाला लावून घ्यायचा, पण शेंगा बघायच्या काही सोडायचा नाही.

त्याची मुलगी इंद्रायणी, घरात इंदू, दुसरीत होती. दिवाळीनंतर एका बारशाला तिनं काकडीची कोशिंबीर खाल्ली आणि पानावरून उठायच्या आत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिला उचलून रुचिर जिन्यावरून धावत खाली आला तेव्हा तो शिट्टीचा आवाज त्याच्या कानाशीच होता, आणि पुढे कित्येक दिवस तो तिथून गेला नाही. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आजवर दाणा चालत आला असला तरी ती अशी अचानक उपटू शकते. तिच्या खाण्यात दाणा येऊ देऊ नका आणि हे पेनासारखं इंजेक्शन कायम जवळ ठेवा. डॉक्टर खाण्यापुरतंच बोलले होते. रुचिरनं दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यात घर, शाळा आणि जमल्यास मावळ तालुका एवढी भर घातली.

बातमी वलवणच्या त्यांच्या सोसायटीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आपल्याकडे आजारी माणसाला फळं कमी आणि सल्ले जास्त मिळतात. एक म्हणाला, दाण्याची उष्णता सालात असते, सोलून द्या. दुसऱ्यानं सांगितलं, रोज एक दाणा उगाळून चाटवा, पोटाला सवय होईल. हे ऐकून रुचिरची बायको आसावरी, जी बँकेत लोकांची कर्जं नाकारण्यात तरबेज होती, तिनं त्या गृहस्थांना चहा न देताच निरोप दिला.

पण शेजारच्या अरुंधतीकाकूंना कोण निरोप देणार? त्या दार वाजवत नसत. दार उघडं असणं हे त्या गृहीत धरत आणि बंद असेल तर उघडेपर्यंत बोलत राहत.

"अ‍ॅलर्जी बिलर्जी काही नसते हो," काकू म्हणाल्या. "आम्ही लहानपणी ओंजळी भरभरून खाल्ले. काय झालं आम्हाला? आणि अरे रुचिर, शेंगदाणा उपासाला चालतो. जे देवाला चालतं ते पोरीला कसं बाधेल?"

या युक्तिवादाला विज्ञानाकडे उत्तर नाही. रुचिर दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेला.

मुख्याध्यापिका अमृता ओव्हाळ मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इंजेक्शन कसं द्यायचं ते स्वतः करून बघितलं, वर्गशिक्षिकेलाही बोलावून दाखवायला लावलं. मग विचारलं, "आणखी काय करू?"

"शाळेत शेंगदाण्याला बंदी," रुचिर म्हणाला.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून समोर तीन चिक्कीची दुकानं दिसत होती. "बंदी घालता येईल," त्या म्हणाल्या, "पण वरून काही नियम आहे का, ते एकदा विचारून या. माझ्या एकटीच्या सहीवर या गावात शेंगदाणा थांबायचा नाही."

म्हणून रुचिर तालुक्याच्या एका कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं त्याचं म्हणणं आस्थेनं ऐकलं. विषय शिक्षणाचा, आरोग्याचा की अन्नाचा, हे ठरेपर्यंत त्याला तीन टेबलं फिरावी लागली आणि चौथ्या टेबलानं त्याला पुन्हा पहिल्याकडे धाडलं. तोवर पहिल्या टेबलावर कागदाच्या पुडीत खारे दाणे उघडले गेले होते. "घ्या ना," कारकून पुडी पुढे करत म्हणाला. "डासांचं परिपत्रक आहे बघा, उष्माघाताचं आहे, पिसाळलेल्या कुत्र्यांचंही आहे. शेंगदाण्याचं अजून आलेलं नाही. आलं की कळवू." रुचिरनं दाणे घेतले नाहीत, पण बाहेर येऊन हात मात्र दोनदा धुतले.

शेवटी पालक सभा भरली. दाणेबंदीवर इतकी चर्चा झाली की तेवढ्या वेळात एखादं धरण मंजूर झालं असतं. एका आईचं म्हणणं, एका मुलीसाठी साडेतीनशे मुलांनी खिचडी का सोडावी? दुसरीचं, आज शेंगदाणा, उद्या कुणाला दूध चालायचं नाही, परवा गहू, मग पोरांनी डब्यात आणायचं काय, हवा? एका वडिलांना ही परदेशी थेरं वाटत होती. दुसऱ्या वडिलांची बहीण परदेशात होती आणि तिथं हे कसं शिस्तीत चालतं, हे सांगण्यात त्यांनी अर्धा तास घेतला. रुचिर उठला आणि कारखान्यात दाखवतात तसा तक्ता दाखवायला लागला. तक्त्यानं कुणाचं मन वळलं नाही. मग आसावरी उठली. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी माझी मुलगी माझ्या मांडीवर निळी पडत होती." बंदी मंजूर झाली.

या सभेत एक माणूस शेवटपर्यंत काही बोलला नाही. ते होते पालक संघाचे अध्यक्ष दत्तोबा शेलार. मूळचे कान्हे गावचे, आता लोणावळ्यात चिक्कीचा कारखाना आणि दोन दुकानं. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर साऱ्या शाळेला चिक्की वाटायची त्यांची रीत होती. त्यांची नात चैताली इंदूच्याच वर्गात, इंदूच्याच बाकावर बसायची. दोघींचं असं मेतकूट होतं की एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसायची.

शाळेच्या फलकावर लिहिलं गेलं, 'शाळेत शेंगदाणे आणण्यास मनाई आहे.' रुचिरनं त्या फलकाचा फोटो काढून घरी फ्रेम करायचाच तेवढा बाकी ठेवला. पण पहिल्याच गुरुवारी वर्गात सात डबे साबुदाण्याच्या खिचडीचे निघाले. बाईंनी घरी फोन लावले. सातही घरांतून जवळजवळ एकच उत्तर आलं, "शेंगदाणे कुठं घातलेत? नुसतं कूट आहे."

इथं रुचिर हबकला. वास्तविक हबकायचं कारण नव्हतं. आपल्या घरांत शेंगदाणा म्हणजे जो अख्खा दिसतो तो. तो भाजून, सोलून, मिक्सरमधून फिरवून बरणीत गेला की त्याचं कूट होतं. मग तो खाण्याचा पदार्थ राहत नाही, मिठासारखा घालायचा असतो. मीठ घातलं हे कुणी सांगतं का? फलकावर 'व कूट' वाढलं. मग 'व चटणी' वाढलं. मग एकानं विचारलं, आमच्याकडे शेंगदाण्याच्याच तेलाची फोडणी असते, पोराला उपाशी धाडू का? 'व तेल' वाढलं. मग आमटीत लावलेलं वाटण आलं, वांग्यात भरलेला मसाला आला. महिनाअखेर फलकावर सुविचाराला जागा उरली नाही, आणि तरी रोज काही ना काही आत येतच होतं.

तेव्हा रुचिरनं तोच उपाय केला जो कारखान्यात करायचा. आलेला माल दारातच तपासायचा. त्यानं दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळी शाळेच्या फाटकापाशी उभा राहू लागला. मुलं ओळीनं डबे उघडत आणि हा वाकून एकेक डबा हुंगत असे. एक उच्चशिक्षित, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस पोरांच्या भाजीत नाक खुपसतोय, हे दृश्य बघायला समोरच्या दुकानांतली गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून येऊ लागली. त्याला पहिल्या आठवड्यात 'डबेवाले काका' नाव पडलं, दुसऱ्यात 'हुंगे काका'. तिसऱ्या आठवड्यात त्याला सर्दी झाली आणि तपासणीचा सगळा पायाच डळमळला.

फाटकावर शकुबाई असायच्या. कुसगावहून चालत येऊन शाळेची घंटा, झाडलोट आणि पोरांची भांडणं असं सगळं सांभाळणाऱ्या. त्या काही दिवस गंमत बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सायेब, एक इचारू का? तुमी त्या डब्यात काय हुडकताय? त्या पोराच्या डब्यात कोरडी भाकर हाय. भाकरीला कसला वास येतोय?"

"मावशी, खात्री करून घेतलेली बरी."

"व्हय, बरी. पर त्या पोराला वाटलं की तुमी त्याची भाकर बघताय. लाजलं ते."

रुचिर वरमला. पण लगेच पुढच्या डब्यावर वाकला, आणि तो डबा निघाला ओव्हाळ मॅडमचा. मॅडमनी झाकण स्वतःच उघडलं. आत ज्वारीची भाकरी आणि लालभडक दाण्याची चटणी होती. "सवयीनं भरली," त्या म्हणाल्या आणि चटणी काढून शकुबाईंकडे दिली. त्या दिवशी मॅडमनी कोरडी भाकरी खाल्ली. रुचिरला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. तो काही केल्या होईना.

इकडे बाजारात वेगळंच शिजलं. 'शाळेनं चिक्की बंद केली' याचं 'चिक्कीत काहीतरी सापडलं' झालं, आणि पुढच्या चौकात 'चिक्की खाऊन पोरगी दवाखान्यात' झालं. एका रविवारी मुंबईच्या गिऱ्हाइकांनी दत्तोबांच्या दुकानात येऊन विचारलं, हीच का ती विषारी चिक्की? त्याच संध्याकाळी दत्तोबा आगाशांच्या दाराशी उभे राहिले. डोक्यावर टोपी, पायात कोल्हापुरी आणि हातात चिक्कीचा मोठा बॉक्स.

रुचिरनं दार उघडलं, बॉक्स पाहिला आणि दोन पावलं मागे सरला. "तो बॉक्स... आत नको, दत्तोबा. इंदू घरात आहे."

दत्तोबांनी हातातल्या बॉक्सकडे असं पाहिलं, जणू तो कुणी दुसऱ्यानंच तिथं ठेवला असावा. "आर तिच्या! ध्यानातच न्हाई आलं. आमच्यात कुनाच्या घरी रिकाम्या हातानं जात न्हाईत. आन् आमच्या दुकानात दुसरं हाय काय?"

बॉक्स खाली जिन्यात ठेवून या, असं म्हणायचं रुचिरला सुचलं नाही. दत्तोबांनाही तो जमिनीवर ठेवायला जड गेलं असावं. ते तसेच बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले, बॉक्स मांडीवर घेऊन, आणि रुचिर उंबरठ्याच्या आत उभा. वडिलांच्या वयाच्या माणसाला दाराबाहेर बसवून आपण आत उभे आहोत, हे त्याला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण पाय बाहेर पडत नव्हता.

"म्या धंद्याचं बोलाया न्हाई आलो," दत्तोबा म्हणाले. "धंदा चालतोय. लोक चार दिवस बोलत्यात, पाचव्या दिवशी पाव किलो जास्त नेत्यात. म्या चैतालीचं सांगाया आलो. पोरगी शाळंतून आली की आंगूळ करती, सकाळी जायाच्या आदी परत करती. थंडीची. इचारलं तर म्हनती, आबा, माज्या अंगाला कारखान्याचा वास येतोय, इंदूला तरास हुईल. आता मला सांगा सायेब, वासानं हुतं का तसं?"

डॉक्टरांनी वासाचं काही म्हटलं नव्हतं. वासाचं रुचिरनंच बाईंना सांगितलं होतं, आणि बाईंनी चैतालीची जागा बदलून तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. हे दत्तोबांना सांगायला त्याची जीभ उचलेना. "विचारतो डॉक्टरांना," असं काहीसं तो पुटपुटला. दत्तोबा उठले, बॉक्स उचलला, आणि जिना उतरताना म्हणाले, "पोरीला सांबाळा. आमचं काय न्हाई."

त्या रात्री आसावरीनं ओट्यावर इंदूचा डबा ठेवला. भरलेला होता. कालचाही तसाच आला होता, परवाचाही.

"ती जेवत नाही शाळेत," आसावरी म्हणाली. "तिला ऑफिसजवळ वेगळ्या टेबलावर बसवतात, पाण्याच्या टाकीशेजारी. एकटीला. वर्गातल्या मुली म्हणतात, तुझ्यामुळे आमची खिचडी गेली. वाढदिवसाला बोलावत नाहीत, काही झालं तर कोण निस्तरणार म्हणून. तू शाळेतून शेंगदाणे हलवायला गेलास, रुचिर. शेंगदाणे आहेत तिथंच आहेत, हलली ती इंदू."

रुचिर भडकला. म्हणाला, मग काय करू, सोडून देऊ? परत तसं झालं तर? दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, अगदी हळू आवाजात, कारण भिंतीपलीकडे अरुंधतीकाकू होत्या. दुसऱ्या दिवशी तो मॅडमना भेटला. मॅडम म्हणाल्या, "आगाशे, इंजेक्शन आहे, आम्हाला ते येतं, तुमची भीतीही कळते. पण माझ्या आज्यानं शाळा वर्गाबाहेर बसून केली. वेगळं बसलेलं पोर मला फार दिवस बघवणार नाही. संक्रांतीनंतर काहीतरी दुसरं शोधू." एवढं बोलून त्या तासाला गेल्या.

आणि मग त्याला एक कल्पना सुचली. रुचिरला कल्पना सुचली की आसावरी पर्स आवरून बँकेत निघून जायची, पण या वेळी तीही हो म्हणाली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तिळगूळ समारंभ असतो. आपण साऱ्या वर्गाला तिळाचे लाडू न्यायचे. दाण्याशिवायही गोड होतं, कुणाच्या तोंडचा घास काढायचा आमचा हेतू नाही, हे लोकांना दिसेल. आणि इंदू सगळ्यांच्या मधे उभी राहून, सगळ्यांबरोबर, तेच खाईल. हे शेवटचं मनात आलं तेव्हा रुचिरच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आसावरीला सुट्टी नव्हती आणि रुचिरचा पाक आजवर कधी जमला नव्हता. लाडू अरुंधतीकाकूंवर सोपवले. रुचिरनं त्यांना चारचारदा बजावलं, "काकू, शेंगदाणे अजिबात नकोत."

"मला शिकवू नकोस," काकू म्हणाल्या. "तुझ्या जन्माआधीपासून लाडू वळतेय."

सकाळी मोठा स्टीलचा डबा घेऊन रुचिर फाटकातून आत गेला. त्याचा डबा कुणी हुंगला नाही. तपासनिसाला कोण तपासणार?

वर्गात सगळे जमले होते. मॅडम होत्या, बाई होत्या, अध्यक्ष म्हणून दत्तोबा होते. ते एका लहानशा खुर्चीत कसेबसे मावले होते. शकुबाई दारात उभ्या. रुचिरनं चार शब्द बोलायचे ठरवले होते. ते चाळीस झाले, मग चारशे. आरोग्य, सहजीवन, तिळाचे गुण, सगळं आलं. मुलांची नजर डब्यावरून हलत नव्हती. शेवटी त्यानं झाकण काढलं, पहिला लाडू उचलला आणि समोर उभ्या इंदूच्या हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला!"

इंदूनं लाडू घेतला. खाल्ला नाही. तिनं वर बघून विचारलं, "बाबा, यात कूट आहे का?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. रुचिरही हसला. "अगं वेडे, बाबांनी आणलाय! यात शेंगदाणे नाहीत."

"शेंगदाणे नाही विचारलं. कूट आहे का?"

"नाही गं."

"तू विचारलंस का? कुणी केलेत?"

"अरुंधतीआजींनी. मी त्यांना चारदा सांगितलंय, शेंगदाणे नकोत म्हणून."

"पण कूट विचारलंस का?" इंदू म्हणाली. "चैताली म्हणते, शेंगदाणे आहेत का विचारलं की सगळे नाही म्हणतात. कूट आहे का विचारायचं. मग खरं सांगतात."

शेवटच्या बाकावरून चैतालीनं जोरात मान हलवली. रुचिरला सगळ्यांसमोर, स्वतःच्या मुलीपुढे, आपली सचोटी सिद्ध करायची खुमखुमी आली. त्यानं खिशातून फोन काढला, काकूंना लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"काकू, लाडवांत कूट नाही ना?"

"म्हणजे काय?" काकूंचा आवाज वर्गभर घुमला. "कूट घातल्याशिवाय लाडू वळतो का? नुसत्या तिळाचा दगड होतो, पोरांचे दात पडतील. शेंगदाणा मात्र एकही घातला नाही हो, तू म्हणालास तसं. चांगलं दोन वाट्या बारीक कूट घातलंय, अगदी मऊ झालेत. इंदूला दोन दे."

वर्गात कुणी हसलं नाही. रुचिरच्या हातातून फोन टेबलावर ठेवला गेला की पडला, हे त्याला नंतर आठवेना. तो इंदूच्या हाताकडे बघत होता. लाडू तिथंच होता, अख्खा. त्यानं तो झडप घालून काढून घेतला, मग तो स्वतःच्या हातात आहे हे कळल्यावर तो कुठं टाकावा हे कळेना. कानात तीच शिट्टी वाजत होती.

"बाबा," इंदू हळूच म्हणाली, "मी खाल्ला नाही ना. घाबरू नकोस."

आणि रुचिर आगाशे, ज्यानं महिनाभर फाटकावर पोरांच्या भाकऱ्या हुंगल्या होत्या, तो दुसरीच्या वर्गात पोरांच्या बाकावर बसून रडला. लपवायचा प्रयत्नही त्यानं केला नाही.

ओव्हाळ मॅडमनी पुढे येऊन डब्याला झाकण लावलं. शकुबाईंनी इंदूचा हात धरून तिला नळापाशी नेलं, चांगला साबण लावून कोपरापर्यंत धुतला आणि परत आणून उभं केलं. दत्तोबा त्या लहान खुर्चीतून मोठ्या कष्टानं सुटून रुचिरजवळ आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडा, सायेब," ते म्हणाले. "पोरगी शानी हाय तुमची. आन् सव्वीस जानेवारीला म्या केळी वाटनार हाय. आमच्या कढयांत तीळ काय न् राजगिरा काय, समदंच दान्याच्या संगतीत शिजतं. माज्याकडचं काय बी तिला देऊ नका, म्या दिलं तरी."

मॅडमनी इंदूला विचारलं, "तुला काय वाटतं? काय करूया आपण?"

मोठ्यांच्या त्या सबंध वादात हा प्रश्न इंदूला कुणी विचारला नव्हता. सभेत नाही, घरी नाही. "सगळ्यांनी जेवल्यावर हात धुवायचे," ती म्हणाली. "मी कुणाचं खाणार नाही. आणि मला टाकीपाशी नाही बसायचं. चैतालीपाशी बसायचं."

एवढंच ठरलं. फलक पुसला, सुविचार परत आला. मधल्या सुट्टीनंतर शकुबाई साबण घेऊन नळाशी उभ्या राहू लागल्या आणि जो पोरगा हात नुसते ओले करून पळेल त्याला कॉलर धरून परत आणू लागल्या. ऑफिसात इंजेक्शन कुठं आहे, हे शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला डोळे मिटून सांगता येऊ लागलं. खिचडी परत आली. इंदू आपला डबा घेऊन वर्गाच्या मधोमध बसू लागली आणि तो रिकामा घरी आणू लागली. रुचिरनं पहिली पाळी परत घेतली. लोकलनं तळेगाव येईपर्यंत त्याच्या मनात दोनतीनदा यायचं की उतरावं आणि उलट्या गाडीनं शाळेवर जावं. एकदा तो खरंच उतरला. फलाटावर उभा राहिला, शाळेत फोन केला, सगळं ठीक आहे असं कळलं, आणि पुढच्या गाडीनं कामावर गेला. लेटमार्क लागला.

अरुंधतीकाकू मात्र आठवडाभर आल्या नाहीत. त्यांच्या लाडवांची साऱ्या शाळेसमोर बदनामी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. मग एका संध्याकाळी दार वाजलं. काकूंनी दार वाजवलं हीच मोठी गोष्ट होती. त्यांच्या हातात डबा होता.

"इंदू, नुसत्या तिळाचे आणलेत," काकू म्हणाल्या. "कूट नाही. एक कणसुद्धा नाही. देवाशपथ."

इंदूनं डबा बघितला. रुचिर स्वयंपाकघरातून धावत आला आणि दारातच थांबला. बोलायचं होतं, पण आसावरीनं त्याचा हात धरला होता.

"कढई कुठली होती, आजी?" इंदूनं विचारलं.

काकूंच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग त्या आठवू लागल्या, आणि आठवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "सकाळी दाणे भाजले होते तीत," त्या म्हणाल्या. "पुसून घेतली होती गं. नुसती पुसून." त्या सोफ्यावर बसल्या, डबा मांडीवर धरून. "म्हणजे मी परत तुला..." एवढंच म्हणाल्या.

इंदू त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मग तुम्ही खा, आजी," ती म्हणाली. "मी बसते तुमच्यापाशी. फक्त नंतर हात धुवा."

काकूंनी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून हात धुतले नव्हते. त्यांनी एक लाडू खाल्ला, कसाबसा, कारण तो खरोखरच दगड झाला होता. मग त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या, साबण लावून दोन्ही हात धुतले, आणि परत येऊन इंदूला जवळ घेण्याआधी आणखी एकदा धुवायला गेल्या.